परवान्यावरचा चौथा विषय

शाळेतली मुलं तिला वेलांटीबाई म्हणायची. तोंडावर अर्थातच नुसतं ‘बाई’, पण मैदानात, जिन्यात, पाण्याच्या नळापाशी ती वेलांटीबाईच. ऱ्हस्वाचं दीर्घ झालं की त्या वेलांटीभोवती ती लाल शाईने गोल काढायची. तिच्याकडून तपासून आलेल्या काही वह्या कांजिण्या झाल्यासारख्या दिसायच्या. हे नाव तिलाही ठाऊक होतं. एकदा मला म्हणाली, "उकारांचाही हिशेब ठेवते मी, पण त्याचं श्रेय कुणी देत नाही बघ."

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या टेबलाशी आम्ही दोघी बावीस वर्षं समोरासमोर बसलो. तिचा डबा मी खायचे, माझा ती. त्यामुळे तिच्याबद्दल जे सांगते आहे, ते थोडं पाहिलेलं, थोडं तिने सांगितलेलं, आणि थोडं भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे.

आमच्याकडे शिक्षकाच्या परवान्यावर त्याचा विषय लिहिलेला असतो. नोकरीत असताना दुसरा विषय शिकवायचा असेल तर त्याचा अभ्यासक्रम पुरा करायचा, परीक्षा द्यायची, मग तो विषय परवान्यावर नोंदला जातो. आम्ही त्याला ‘विषय चढवणं’ म्हणायचो. बहुतेक जण एकाच विषयावर निवृत्त होतात. हिचा मूळ विषय भाषा. इतिहासाचे सर वर्षाच्या मध्येच दुसऱ्या शाळेत गेले, तेव्हा हिने इतिहास चढवला. भूगोलाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या त्या परत आल्याच नाहीत, तेव्हा भूगोल चढवला. परीक्षा म्हटलं की आम्हाला घाम फुटायचा, हिला हुरूप यायचा. हेडसर म्हणायचे, "बाई, आणखी दोन विषय चढवा, मग बाकीच्यांना मी घरी पाठवतो."

अशा या बाईच्या पोटी एकच मुलगी झाली, आणि त्या मुलीला वाचता येईना.

मुलगी आमच्याच शाळेत होती. बोलायला चुणचुणीत. ऐकलेली गोष्ट आवाज काढून जशीच्या तशी सांगायची. माझ्या तासाला तिचा हात असा चालायचा की मी बघत राहायचे. पण पुस्तक समोर आलं की मान खाली जायची, लगेच तहान लागायची, पोट दुखायचं, पेन्सिल तुटायची. बाईला हे कळेना. इतकी हुशार पोर वाचत नाही, म्हणजे ती वाचायचं टाळते, असा तिने सरळ अर्थ लावला. रोज शाळा सुटल्यावर जेवणाच्या टेबलाशी दोघी बसायच्या. चुकलेला शब्द वीसदा लिहायचा. मुलगी वीसदा लिहायची आणि एकविसाव्या वेळी पुन्हा चुकायची.

बाईचे यजमान बसडेपोत मेकॅनिक होते. अबोल माणूस. ग्रीस लागलेले हात पुसत ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे ना आता. दमली ती."

"तुम्ही मधे पडू नका," बाई म्हणायची. "तुमच्या लाडानेच झालंय हे."

मुलगी पाचवीत आली आणि आईच्याच वर्गात बसली. पाचवीचा वर्ग आणि माझी चित्रकलेची खोली यांच्यामध्ये फक्त लाकडी पार्टिशन होतं. एके दिवशी पलीकडून मुलीचा वाचण्याचा आवाज आला. स्वच्छ, न अडखळता. मला बरं वाटलं. पोर सुटली एकदाची, असं वाटलं. मग आवाज थांबला. नंतर कळलं, बाईने वाचता वाचताच तिच्या हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं होतं. मुलगी मागच्याच पानावरचा धडा पुढे म्हणत राहिली. तो अख्खा धडा तिने दुसऱ्यांचं ऐकून पाठ केला होता.

"म्हणजे इतके दिवस तू मला फसवत होतीस," बाईचा आवाज आला. "माझी मुलगी, आणि लबाड?"

वर्ग खो खो हसला. बराच वेळ हसला. मी माझ्या मुलांना सांगितलं, लक्ष इकडे द्या, आणि फळ्यावर घड्याची सावली भरत राहिले. मधल्या सुट्टीत मी बाईला काही तरी बोलायला हवं होतं. बोलले नाही. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत कशाला पडा, असं म्हणून डबा उघडला.

त्यानंतर त्या मुलीने वर्गात तोंड उघडलंच नाही. सोळाव्या वर्षी तिने शाळा सोडली. सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या बसवणाऱ्या एका दुकानात कामाला लागली, आणि दोन वर्षांनी त्याच दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला गेली. घरी यायची ती वडिलांना भेटायला. आईशी भांडण नव्हतं. ‘बरी आहे’, ‘हो’, ‘नको’, ‘निघते’, एवढ्या चार शब्दांत त्यांचं सगळं भागायचं. ओळखीच्यांनी विचारलं की बाई म्हणायची, "तिला हाताच्या कामाची आवड आहे," आणि विषय बदलायची. पुढे यजमान गेले. हृदयाच्या झटक्याने, डेपोतच, कामाच्या कपड्यांत. मग मुलीचं येणं आणखी कमी झालं.

त्याच्या दुसऱ्या वर्षी नवा नियम आला. प्रत्येक शाळेत एक तरी शिक्षक असा हवा की ज्याच्या परवान्यावर वाचनाची अडचण असलेल्या मुलांना शिकवण्याचा विशेष विषय नोंदलेला आहे. दीड वर्षाचा अभ्यासक्रम, दर शनिवारी दिवसभर वर्ग, एका मुलाला साठ तास प्रत्यक्ष शिकवायचं, शेवटी लेखी परीक्षा. हेडसरांनी बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा प्रत्येकाला आपापल्या चपला किती नक्षीदार आहेत ते दिसायला लागलं. बाई तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती.

"मी करते," ती म्हणाली. "नाही तरी शनिवारी घर खायला उठतं."

सुरुवातीचे महिने मजेत गेले. सोमवारी ती मला शनिवारचं सगळं सांगायची. वर्गात सगळे तरुण, शिकवणारी बाई तर हिच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पहिल्या चाचणीत ही पहिली आली. "म्हातारीने पोरांना धूळ चारली," म्हणून तिने स्टाफरूममध्ये सगळ्यांना बिस्किटं वाटली.

चौथ्या महिन्यातल्या एका सोमवारी ती आली ती डबा न उघडताच बसून राहिली. मी विचारलं, "बरं नाही का?"

तिने पर्समधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. शनिवारी वर्गात वाटलेला होता. डिसलेक्सिया ओळखायच्या खुणा. बोलण्यात हुशार, पण वाचनात मागे. ऐकलेलं पटकन पाठ होतं, आणि त्या जोरावर मूल वाचता येत असल्याचा आभास निर्माण करतं. एकच शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहितं. वाचायची वेळ आली की वर्गाबाहेर जायची कारणं शोधतं. प्रत्येक ओळीपुढे तिने पेन्सिलीने बारीकशी खूण केली होती. एकही ओळ सुटली नव्हती.

"मी हात वर केला," ती म्हणाली. "विचारलं, की अशा मुलाला कुणी लबाड समजू शकतं का? ती पोरगी म्हणाली, ‘हो मॅडम, बहुतेकांना तेच ऐकावं लागतं. आळशी, नाही तर लबाड.’ आणि पुढचा मुद्दा फळ्यावर लिहायला लागली."

मी म्हटलं, "तेव्हा कुणाला माहीत होतं गं हे?"

"मला माहीत असायला हवं होतं. तीन-तीन विषय मिरवत होते ना मी?"

त्या आठवड्यात तिने माळ्यावरची पेटी खाली काढली. मुलीच्या वह्या तिने टाकल्या नव्हत्या. एक वही शाळेत घेऊन आली आणि मधल्या सुट्टीत माझ्या मांडीवर ठेवली. पानं लाल गोलांनी भरलेली. "बघ," ती एकेका शब्दावर बोट ठेवत म्हणाली, "इथे ‘प’ नाही, ‘ब’ आहे. इथे ‘त’च्या जागी ‘द’. जवळजवळचे आवाज. तिला अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी लावताच येत नव्हती. मी वीसदा लिहायला लावलं. ज्याला रस्ता सापडत नाही त्याला त्याच चौकातून वीसदा फिरवलं मी." वही तिने माझ्याकडून काढून घेतली आणि पुन्हा पिशवीत घातली. तास झाल्याची घंटा झाली होती. भूगोलाच्या तासाला ती पाच मिनिटं उशिरा गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

प्रत्यक्ष शिकवण्याच्या तासांसाठी तिला दुसऱ्या एका शाळेतली नऊ वर्षांची मुलगी मिळाली. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. बाई तिला खरखरीत कागदातून कापलेल्या अक्षरांवर बोट फिरवायला लावायची, आवाज काढायला लावायची, शब्दातल्या एकेका आवाजासाठी बोटाने टेबलावर टिचकी मारायला लावायची. तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीने एक उतारा घडाघडा वाचून दाखवला. बाईने पाहिलं, तर तिची नजर पुस्तकावर नव्हतीच.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, केवढं पाठ केलंस गं. किती दमली असशील." बाईने डब्याचं झाकण लावलं. "ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, ‘तुम्ही आईला सांगणार?’"

त्याच्या पुढच्या रविवारी ती माझ्या दारात आली. मुलीला भेटायला जायचं होतं. "तू चल," म्हणाली. "मी एकटी गेले तर ती दोन मिनिटांत वाटेला लावेल मला."

दुकान म्हणजे एक लांबट गाळा होता. दारातच उघड्या पोटाचा एक सोफा, त्यातून स्प्रिंगा वर आलेल्या. आत फोमचा भुसा, चामड्याचा वास, भिंतीला टांगलेल्या निरनिराळ्या कात्र्या. मुलगी एका जुन्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली होती, ओठांत बारीक खिळे धरून. एकेक खिळा काढत, ताणलेल्या कापडावर ठेवत, दोन ठोक्यांत बसवत होती. रेघ सुतासारखी सरळ. आम्हाला पाहून तिने खिळे तळहातावर काढले.

"काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे," बाई म्हणाली. वाटेत तिने काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. बसमध्ये ओठ हलत होते तिचे. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. तिने पर्समधून तो खुणा केलेला कागद काढला, आणि मग आपण हा कुणापुढे धरला आहे हे लक्षात येऊन तसाच हातात चुरगळला. "तुला जे होत होतं," ती म्हणाली, "त्याला नाव आहे. तो आळस नव्हता. लबाडी तर नव्हतीच. मला आत्ता कळलं. मी कोर्स करते आहे, त्यात..."

"मला माहीत आहे," मुलगी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"डिसलेक्सिया. मी बावीसची होते तेव्हा तपासून घेतलंय. वर कपाटात रिपोर्ट आहे."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाईने त्या सोफ्याच्या लाकडी हाताला धरलं. "तू एकटी गेली होतीस?"

"बाबांनी नेलं होतं. डेपोतल्या कुणाच्या तरी मुलाचं तसंच होतं, त्याने सांगितलं होतं त्यांना."

"आणि मला सांगितलं नाही त्यांनी? जाईपर्यंत, चार वर्षं?"

"मीच शपथ घातली होती. ते म्हणत होते, सांगू या, तिला बरं वाटेल. मी म्हटलं, आई म्हणेल कारणं शोधू नकोस." मुलीने हातातले खिळे डबीत टाकले. "म्हणाली असतीसच ना?"

बाई खोटं बोलली नाही. "म्हणाले असते," म्हणाली.

मग तिने क्षमा मागितली. सरळ, साध्या शब्दांत, उभ्या उभ्या. मी बाहेर रस्त्याकडे बघत होते. मुलीने खुर्चीवरचं ताणलेलं कापड तळहाताने सारखं केलं. शेवटी म्हणाली, "तू लबाड म्हणालीस ते मी गिळलं असतं गं. पण सगळे हसत होते तेव्हा तू त्यांना गप्प केलं नाहीस. इतर कुणाला हसले असते तर केलं असतंस." आणि नंतर, "मला अजून माफ वगैरे करायला जमत नाहीये. जमलं तर सांगेन. उगाच खोटं कशाला बोलू?"

"मी तुला शिकवू शकते आता," बाई म्हणाली. "मोठ्या माणसांनाही येतं. हळूहळू, पण येतं."

"नको. तू समोर बसलीस की मी परत पाचवीत जाईन." ती पुन्हा खुर्चीपुढे बसली. "हे उद्या सकाळी द्यायचंय."

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं रडते आहे, पण डोळे कोरडे होते. एकदाच बोलली. "रिपोर्ट माळ्यावर-बिळ्यावर लपवला असता तरी सापडला असता मला. पण तो त्या माणसाच्या पोटात होता. चार वर्षं माझ्या शेजारी जेवायला बसत होता आणि मला काही दिसलं नाही."

सोमवारी ती हेडसरांकडे गेली आणि कोर्स सोडते म्हणाली. हेडसर वाद घालण्यात पटाईत, पण त्या दिवशी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "त्या दोन वेण्यांच्या मुलीचे किती तास झालेत?" साठांतले एकवीस झाले होते. बाई उठली आणि वर्गावर गेली. कोर्स सुटला नाही.

परीक्षेत ती पहिली आली नाही, मधेच कुठे तरी आली. परवाना टपालाने आला, त्यावर चौथा विषय नोंदलेला. या वेळी बिस्किटं आली नाहीत. टेबलाच्या खणात तो पाकिटातच पडून होता. हेडसरांनी तिला भांडारघराशेजारची छोटी खोली दिली, तिथे एक गोल टेबल आणि चार बुटक्या खुर्च्या. पुढची आठ वर्षं ती तिथे बसली. भाषेचे तास निम्मे दुसऱ्यांना दिले. किती तरी मुलं त्या खोलीतून वाचायला लागून बाहेर पडली. आसपासच्या शाळांतल्या चार-पाच तरुण शिक्षिका हा विषय चढवायच्या आधी तिच्याकडे येऊन बसायच्या, ती त्यांना हाताला धरून शिकवायची. पालक पेढे घेऊन, डोळे भरून आभार मानायला आले की मात्र ती घाईघाईने उठायची, म्हणायची, "मुलाचं कौतुक करा, माझं नको," आणि काही तरी आणायच्या निमित्ताने भांडारघरात जायची. एकदा मी तिच्या मागे गेले. खडूच्या खोक्यांपाशी पाठमोरी उभी होती. मी परत फिरले.

मुलीने दुकानातल्याच पॉलिश करणाऱ्या माणसाशी लग्न केलं. नोंदणी कार्यालयात सही करायला आईला बोलावलं. बाईने नवी साडी घेतली, साक्षीदार म्हणून सही केली, फोटोत कडेला उभी राहिली. मुलीला मुलगी झाली तेव्हा महिनाभर रजा काढून ती त्या वरच्या खोलीत राहून आली. बाळाला न्हाऊमाखू घालायची, मुलीला गरम जेवू घालायची. दोघींचं बोलणं वाढलं. दुधाचं, झोपेचं, लंगोटांचं. त्यापलीकडे कुणी गेलं नाही. ‘जमलं तर सांगेन’ म्हणालेली ती गोष्ट मुलीने पुढे कधी काढली नाही, आणि बाईने विचारली नाही.

बाई निवृत्त झाली त्या वर्षी नात सहा वर्षांची होती. एका दुपारी मी तिच्याकडे बसले होते, तेव्हा मुलगी अचानक आली. चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"तिलाही तसंच आहे," ती म्हणाली. "मी ओळखलं. शाळेतून चिठ्ठी यायच्या आधीच ओळखलं."

बाई उठून उभी राहिली. तिचा चेहरा मी बघितला. इतकी वर्षं मी तो ओळखत होते, पण अशी आशा त्यावर कधी पाहिली नव्हती. तिने तोंड उघडलं, पण ती काही बोलायच्या आधीच मुलगी म्हणाली, "तुझ्याकडे नको, आई. राग मानू नकोस. तू तिला नीट शिकवशील, मला माहीत आहे. पण तू वर तिला शिकवत असताना मी खाली दुकानात बसून ते ऐकू शकणार नाही." मग जरा थांबून, "पण या कामात चांगलं कोण, ते तुलाच ठाऊक असणार. म्हणून आले."

बाई हळूच खाली बसली. थोडा वेळ विचार केला, खरोखरीचा विचार. मग एका तरुण शिक्षिकेचं नाव सांगितलं. शाळा कुठे, बस कुठली, कुठल्या वेळी भेटते, सगळं. "घाई करत नाही ती," म्हणाली. "आणि हसरी आहे." मुलीने फोन पुढे धरला, बाईने नाव पुन्हा एकदा फोनमध्ये बोलून दिलं. चहा घे म्हणाली. मुलीने घेतला, उभ्यानेच, आणि गेली.

मी म्हटलं, "तुला फार लागलं ना?"

"विचारायला माझ्याकडे आली," बाई म्हणाली. "बाहेर कुणालाही विचारू शकली असती."

नातीचे तास मंगळवारी आणि शुक्रवारी, चार ते पाच असतात. त्या वेळात बाई कुठे जात नाही. मी बोलावलं तरी येत नाही. त्या शिक्षिकेला काही अडलं, काही विचारावंसं वाटलं तर, म्हणून फोन शेजारी ठेवून बसते. त्या शिक्षिकेला अजून तरी काही अडलेलं नाही.